चमचा डब्यात बसला पाहिजे: छोट्या दुकानाची भेटवस्तू आणि फोनवरची जाहिरात

प्रश्न नेरूळहून आला आहे. ताईंचा पूर्वेला एक छोटा गाळा आहे. घरगुती मसाले, मेतकूट, भाजणी, पापड आणि दिवाळीत फराळ. तीन वर्षं झाली, वहीत साधारण ३०० नेहमीची घरं आहेत. त्या लिहितात, "या दिवाळीला सगळ्यांना काहीतरी भेट द्यायची आहे. वर्षभराची जाहिरात धरून ४०,००० रुपये बाजूला काढलेत. कॉफीचा मग द्यावा, पेन द्यावं की डायरी? इन्स्टाग्रामवर ११०० जण आहेत. रील टाकते, लाइक येतात, ऑर्डर येत नाही. एक मुलगी एका रीलचे ८,००० आणि वर हॅम्पर मागते आहे. आणि मिस्टर म्हणतात, हे सगळं सोड, लकी ड्रॉ काढ."

ताई, मी ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये बावीस वर्षं छपाई आणि गिफ्ट आर्टिकलचं काम करतो. मग, पेन आणि डायऱ्या विकूनच माझं घर चालतं. तरी सांगतो, तुमच्या धंद्याला मग नको, पेन नको आणि डायरी तर अजिबात नको.

आपल्याकडच्या बायकांना ही विद्या माझ्यापेक्षा जास्त येते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची वाणं लुटायची आपली जुनी रीत. माझी आई हळदीकुंकवाहून आली की पिशवी पालथी करून वाणाचे दोन ढीग करायची. लिंबू पिळायचं यंत्र, चहाची गाळणी, स्टीलची छोटी पळी हे एका बाजूला, म्हणजे ओट्यावर. साबणाची डबी, आरसा-कंगवा, प्लास्टिकची फुलं दुसऱ्या बाजूला, म्हणजे पलंगाखालच्या पेटीत, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला तरी द्यायला. एकदा आम्ही लुटलेली साबणाची डबी दोन वर्षांनी फिरत फिरत आमच्याकडेच परत आली. तळाला आईने मोजताना पेनाने केलेली फुली तशीच होती.

गिऱ्हाईक माझ्याकडे आलं की मी मनातल्या मनात हेच दोन ढीग करतो. ही वस्तू ओट्यावर जाईल की पेटीत? मग घेतला तर प्रत्येक घरात आधीच आठ मग असतात. नववा बाथरूममध्ये ब्रश ठेवायला जातो. पेन बँकेत कुणीतरी मागून नेतं. डायरीत पाच जानेवारीपर्यंत लिहितात, पुढे त्यात मुलं चित्रं काढतात. एके काळी लोकलच्या पासाचं प्लास्टिकचं कव्हर ही ठाण्यातली सगळ्यात भारी जाहिरात होती. दहा-बारा रुपयांची वस्तू, पण वर्षभर माणसाच्या शर्टाच्या खिशात, रोज दोनदा बाहेर निघायची. आता पास मोबाइलवर आला आणि आमचं ते गिऱ्हाईक संपलं. चांगल्या भेटवस्तूलाही वय असतं, म्हणून मागच्या वर्षी चाललं तेच या वर्षी छापू नये.

तुमच्यासाठी माझं उत्तर आहे चमचा. मिसळणाच्या डब्यातला छोटा स्टीलचा चमचा. डब्याबरोबर आलेला चमचा बहुतेक घरांत वर्षभरात हरवतो आणि मग बायका साध्या चहाच्या चमच्याने तिखट काढतात. तुम्ही मसाला विकता. तुमची वस्तू ज्या डब्यात पडते, त्याच डब्यात तुमचं नाव राहिलं तर याहून जवळची जागा कुठली? दिवसातून दोनदा झाकण उघडतं आणि नाव दिसतं. पूर्वी भांड्यांच्या दुकानात बसून भांड्यावर नाव घालून घ्यायचे, त्यातलाच हा प्रकार.

पण चमचा घेताना काय बघायचं ते नीट सांगतो, कारण इथेच पैसे बुडतात. पहिली गोष्ट लांबी. दोन वर्षांपूर्वी एका मसालेवाल्यांसाठी मी असेच चमचे मागवले. दिसायला सुंदर, दांडी लांब, टोकाला छान वळण. वाटप झालं आणि आठवड्यात त्यांच्या वहिनींचा फोन आला, "भाऊजी, झाकण लागत नाही." दांडी बोटाच्या पेराएवढी जास्त होती. वाट्यांवर आडवा ठेवला तर कडेला अडकायचा, उभा ठेवला तर झाकण उचलायचा. ते सगळे चमचे घरोघरच्या काट्या-चमच्यांच्या खणात गेले आणि माझी चूक असल्याने निम्मे पैसे मी सोडले. तेव्हापासून माझ्या टेबलावर स्टीलचा एक मिसळणाचा डबा कायमचा आहे. नमुना आला की आधी डब्यात ठेवायचा आणि झाकण लावायचं.

दुसरी गोष्ट नाव कसं उमटवायचं. स्टीलवर स्क्रीन प्रिंटिंग स्वस्त पडतं, पण तारेच्या घासणीपुढे ते महिनाभर टिकत नाही. लेझरने कोरून घ्या, ते जात नाही. पदार्थाला लागणारा चमचा आहे, तेव्हा स्टील ३०४ ग्रेडचंच मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या. दांडीवर जागा फार तर अर्धा सेंटिमीटर रुंद मिळते. त्यात घोषवाक्य, पत्ता, फुलं-पानं कोंबू नका. दुकानाचं नाव आणि दहा आकडी मोबाइल नंबर, बस. नाव असं घाला की बाईने फोनमध्ये सेव्ह करताना तेच टाकावं. तुमच्या दुकानाचं नाव देवावरून असेल तर तसल्या नावाची दहा दुकानं तिच्या फोनमध्ये आधीच असणार, म्हणून पुढे "मसाले, नेरूळ" जोडा.

नंबर सेव्ह होण्यावर मी एवढा अडून का बसतो? व्हॉट्सॲपवरची ब्रॉडकास्ट यादी तुम्ही वापरत असालच. एका यादीत २५६ जण बसतात, म्हणजे तुमच्या ३०० घरांना दोन याद्या पुरल्या. पण ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त त्यालाच पोचतो, ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलेला आहे. बाकीच्यांना तो जातच नाही. किती दुकानदार मला सांगतात, "मी तीनशे जणांना पाठवतो, दहा जणांचं उत्तर येतं." अहो, तीनशेंपैकी शंभर जणांनी तरी नंबर सेव्ह केलाय का? स्टेटसचंही तेच, दोघांकडे एकमेकांचे नंबर असतील तरच दिसतं. चमच्याचं खरं काम हे आहे. तो हातात पडल्यापासून पाच मिनिटांत तुमचा नंबर त्या फोनमध्ये गेला तर भेट वसूल. नाही गेला तर तुम्ही फक्त भांडं वाटलंत.

म्हणून चमचा नुसता देऊ नका. छोट्या कार्डावर टोचून द्या आणि कार्डावर लिहा, "हा नंबर सेव्ह करून आम्हाला 'चमचा' एवढंच लिहून पाठवा. पुढच्या खरेदीत मेतकुटाची पुडी आमच्याकडून." पुडी १०० ग्रॅमचीच ठेवा. मेसेज आला की तिचा नंबर तुम्हीही नावासकट, सेक्टरासकट सेव्ह करा. व्हॉट्सॲप बिझनेस ॲपमध्ये लेबलं लावता येतात. "फराळ", "उपवासाचं", "आगरी मसाला" अशी चार-पाच लेबलं लावून ठेवा, पुढे फार उपयोगी पडतील. कॅटलॉगमध्ये फोटो आणि भाव भरून टाका, म्हणजे "भाव काय?" ला रोज वीस वेळा उत्तर द्यायला नको.

मग आठवड्याला एकच मेसेज, गुरुवारी संध्याकाळी. शनिवार-रविवारचं सामान तेव्हा घराघरांत ठरत असतं. मजकूर असा: "शनिवारी सकाळी भाजणी दळून येते. या वेळी ५ किलोच केली आहे. हवी असेल तर शुक्रवारी रात्री आठपर्यंत 'भाजणी' लिहून पाठवा, नाव घालून ठेवते." एवढंच. गुलाबाच्या फुलावर शुभ सकाळ पाठवलंत तर तिसऱ्या दिवशी तुम्ही म्यूट. आणि सोसायटीच्या ग्रुपमधून नंबर उचलून यादीत घालू नका. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे हे एक, आणि लोकांनी रिपोर्ट केलं तर व्हॉट्सॲप नंबरच बंद करू शकतं हे दुसरं. ज्या नंबरावर सगळा धंदा चालतो तो बंद पडलेले दुकानदार मी पाहिलेत. दुकान उघडं असूनही शटर ओढल्यासारखी गत होते.

आता कार्डावर क्यूआर कोड घालायचा का? घाला, पण माझ्या फजितीतून शिका. घोडबंदर रोडच्या एका क्लासवाल्यांची ४०० कॅलेंडरं मी छापली. भिंतीवरचं कॅलेंडर ही अजूनही चांगली भेट आहे, सिलिंडर कधी लावला, कामवाली कधी आली नाही, दूध किती, सगळं त्यावरच लिहितात. खालच्या पट्टीत क्यूआर कोड होता. आमच्या प्रेसमधल्या मुलाने तो इंटरनेटवरच्या एका फुकट साइटवर बनवला. छापताना तपासला, चालला. वाटताना तपासला, चालला. जानेवारीच्या मध्याला सरांचा फोन, "स्कॅन केलं की तुमची मुदत संपली, पैसे भरा असं येतंय." फुकट मुदत चौदा दिवसांची होती. कॅलेंडर भिंतीवर डिसेंबरपर्यंत आणि कोड मेलेला. सर माझ्याकडे आणि मी त्या मुलाकडे बघत बसलो. शेवटी स्टिकर छापून घरोघर पाठवले. निम्म्यांनी चिकटवले असतील तर नशीब.

तेव्हा कळलं की कोड दोन तऱ्हेचे असतात. एकात तुमच्या लिंकचा पत्ता थेट कोडातच असतो, तो कधी मरत नाही. दुसऱ्यात मध्ये एका तिसऱ्याच कंपनीचा पत्ता असतो. ती कंपनी तुम्हाला पुढे ढकलते आणि त्याचं भाडं घेते. ओळखायची युक्ती सोपी आहे. स्कॅन केल्यावर उघडण्याआधी फोनवर जी लिंक दिसते, त्यात व्हॉट्सॲपचा किंवा तुमचा स्वतःचा पत्ता दिसला पाहिजे. भलतंच नाव दिसलं तर छापू नका. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये मजकूर आधीच भरून ठेवता येतो, म्हणजे कार्डावरच्या कोडाने "चमचा" आणि पाकिटावरच्या कोडाने "पाकीट" असा मेसेज आपोआप तयार होईल. कोण कुठून आलं ते तुम्हाला न विचारता कळेल. कोडाची बाजू दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, भोवती पांढरी जागा सोडा आणि सोनेरी फॉइलवर तर नकोच. चमच्यावर, पेनावर, गोल बरणीवर कोड घालायच्या फंदात पडू नका. वळलेल्या पृष्ठभागावर फोन नुसता फिरवत बसावा लागतो.

छपाईचा विषय निघालाच आहे तर मराठी अक्षरांबद्दल एक सांगतो. मजकूर फोनवर टाइप करून छापखान्यात पाठवला आणि तिथे कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती असली की वेलांट्या जागा सोडतात. माझ्याच प्रेसमध्ये एका फरसाणवाल्यांच्या पाचशे पिशव्यांवर "खास चिवडा" च्या जागी "खास चविडा" छापून गेला. मी पाहिला, मुलाने पाहिला, मालकांनी प्रूफवर सही केली. डोळ्याला सवयीने "चिवडा"च दिसत होता. दसऱ्याला पिशव्या वाटल्यावर एका गिऱ्हाइकाने फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि त्या फोटोला त्यांच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त लोकांनी पुढे ढकललं. पाचशे पिशव्या पदरचे पैसे घालून पुन्हा छापल्या. तुम्ही काय करा, प्रूफ घरातल्या शाळकरी मुलाला मोठ्याने वाचायला द्या. मुलं लिहिलंय तेच वाचतात.

पिशवीवरून आठवलं, कापडी पिशवी द्यायचं मनात असेल तर फुकट द्या. आधी न सांगता काउंटरवर पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये म्हटलंय. आपलंच नाव मिरवायला लोकांकडून दहा रुपये घ्यायचे हे तसंही बरं दिसत नाही.

आता तीनशे घरांबद्दल. तीनशे घरं सारखी नाहीत. वही काढा आणि मागच्या वर्षी कुणी किती वेळा घेतलं ते बघा. तीस-चाळीस घरं अशी निघतील की ती दर महिन्याला येतात, बहिणीला सांगतात, अमेरिकेला जाणाऱ्या मुलासाठी चार किलो नेतात. त्यांना चमचा तर द्याच, शिवाय तुमचाच माल द्या. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, थोडी शंकरपाळी असा एक डबा, वर तुमच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी, त्यात त्यांच्या घरातल्या कुणाचा तरी उल्लेख. तुमच्या मालाइतकी चांगली भेट माझ्या दुकानात नाही, आणि तुम्हाला ती बनवायच्या खर्चात पडते. पाकिटावर तुमचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक आणि तारीख विसरू नका, भेट असली तरी.

चाळीस हजारांचा हिशेब मी असा मांडला असता. तीनशे चमचे कोरणी आणि कार्डासकट दहाएक हजारांत बसवायचे. चाळीस घरांचे डबे बारा हजार. फोनवरच्या जाहिरातीला नऊ हजार. आणि उरलेले नऊ हजार दिवाळीत हातही न लावता चैत्रासाठी ठेवायचे. सगळे दुकानदार दिवाळीत पैसा उधळतात, तेव्हा लोकांच्या घरी इतक्या भेटी येतात की तुमचा डबा चिवड्यांच्या ढिगात जातो. मसाल्याचा खरा हंगाम मार्च ते मे. नेरूळ गाव, सारसोळे, करावे इथल्या आगरी-कोळी घरांत वर्षाचा मसाला तेव्हाच होतो, आणि सेक्टरांतल्या इमारतींत राहणारे, ज्यांना गच्चीवर मिरच्या वाळवायला सोसायटी परवानगी देत नाही, ते तेव्हाच तयार मसाला शोधत असतात. ती तुमची दिवाळी.

आणि रीलचं म्हणाल तर तुमच्याकडे सगळ्या नवी मुंबईत कुणाकडे नसेल एवढा माल आहे, पण तुम्ही टाकता काय? मी तुमचं पान बघितलं. फिरणारं पाकीट, मागे ट्रेंडिंग गाणं, खाली "भावासाठी मेसेज करा". भाव लिहायला लाज कसली? भाव न लिहिणारं दुकान महाग असणार असं धरूनच लोक पुढे सरकतात. त्याऐवजी वाशीला एपीएमसीच्या मसाला मार्केटात मिरची निवडताना दाखवा. ब्याडगी आणि संकेश्वरी हातात शेजारी शेजारी धरा, एक रंगाला आणि एक तिखटाला हे पंधरा सेकंदांत सांगा. देठ खुडताना तुमच्या मावशी शिंकतात ते ठेवा, कापू नका. आणि डंक! कांडप केंद्रातल्या डंकाचा तो धबधब आवाज हेच तुमचं गाणं. बिझनेस खात्याला तशीही सगळी गाणी वापरता येत नाहीत. पहिल्या दोन सेकंदांत लाल तिखट उडालं पाहिजे, नमस्कार-चमत्कार नंतर. आणि प्रत्येक रीलखाली नेरूळ पूर्व, सेक्टर, गाळा किती ते किती उघडा आणि पाव किलोचा भाव.

पैसे घालून जाहिरात करताना नुसतं बूस्टचं बटण दाबू नका. नकाशावर दुकानावर पिन टोचून तीनेक किलोमीटरचं वर्तुळ घ्या आणि उद्देश म्हणून व्हॉट्सॲपवर मेसेज येणं निवडा. वर्तुळाला मात्र खाडी, डोंगर, रेल्वे काही कळत नाही. आमच्या घोडबंदरच्या लोकांचं निम्मं वर्तुळ नॅशनल पार्कच्या जंगलात जातं. वाशीवाल्यांचं मोठं केलं की खाडी ओलांडून मानखुर्दला पोचतं, आणि तिथून भाजणीसाठी पूल ओलांडून कुणी येत नाही. तुमच्याकडे पाम बीचची बाजू वेगळी आणि रुळाच्या पूर्वेची वेगळी. म्हणून एका मोठ्या वर्तुळाऐवजी दोन लहान घ्या आणि बुधवार ते शुक्रवारच चालवा. खर्चावर १८ टक्के जीएसटी वेगळा जातो, तो नऊ हजारांतच धरा.

भेटवस्तू स्वतः फोनवर पोचते, तेव्हा तर मजाच. गुढीपाडव्याला ठाण्यात स्वागतयात्रा निघते, उन्हाचा कडाका असतो. आमच्या एका गिऱ्हाइकाने यात्रेत वाटायला पुठ्ठ्याचे हजार हातपंखे केले. पहिल्या वर्षी आम्ही त्यावर सवलतींची अख्खी यादी छापली. लोकांनी वारा घेतला आणि तलावपाळीवर टाकून दिले. पुढच्या वर्षी यादी काढली. एका बाजूला गुढी, दुसऱ्या बाजूला ठळक अक्षरात नाव आणि "नौपाडा". नऊवारी नेसलेल्या पोरींनी त्यांच्या फोटोत तेच पंखे धरले, आणि ते फोटो त्यांनी स्वतःच्या पानांवर टाकले. त्यासाठी आम्ही कुणाला एक रुपया दिला नव्हता.

त्या ८,००० वाल्या मुलीकडे वळू. तिला वाईट नाही म्हणत, तिचाही तो धंदा आहे. तिला एकच विचारा, "तुझ्या इनसाइट्समधल्या शहरांच्या यादीचा स्क्रीनशॉट दे." इन्स्टाग्राम फॉलोअर कोणत्या शहरातले ते दाखवतं. वर पुणे, नागपूर, सुरत असेल तर तुमचे ८,००० खाडीत. नवी मुंबई, मुंबई, ठाणे वर असतील आणि ती खरंच स्वयंपाक करत असेल, तर निम्म्या पैशांत आणि दोन स्टोरी जोडून बोला. शिवाय हॅम्पर फुकट दिला तरी ते पैशांसारखंच धरतात. जाहिरात क्षेत्राच्या मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंय की असं काही घेतलं असेल तर पोस्टवर तसं स्पष्ट लिहिलं पाहिजे. "लिहू नकोस, नैसर्गिक वाटू दे" असं तिला सांगू नका. तुमच्या जागी मी असतो तर तुमच्याच इमारतीतल्या एखाद्या काकूंना थालीपीठ लावताना चित्रित केलं असतं.

मिस्टरांना नमस्कार सांगा आणि लकी ड्रॉ राहू द्या म्हणा. खप वाढवण्यासाठी सोडती, नशिबाचे खेळ काढणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथांमध्ये धरलंय. वस्तूच्या किमतीतच भेटीचा खर्च घुसवून "फुकट" म्हणणंही त्यातच येतं. "पोस्ट स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर करा आणि जिंका" ही अट फेसबुकच्या नियमांतही बसत नाही. आणि व्यवहाराने बघितलं तर सोडतीत मिक्सर एका घरात जातो आणि दोनशे नव्व्याण्णव घरं हात हलवत परत जातात.

गूगलवर दुकानाची नोंद केली नसेल तर ती आजच करा, पैसे लागत नाहीत. वेळा आणि गाळ्याचा बाहेरून काढलेला फोटो नीट घाला. पण "पाच तारे द्या आणि चमचा घ्या" असं करू नका, भेट देऊन अभिप्राय घेणं गूगलला चालत नाही आणि ते अभिप्राय उडतात. माल आवडला म्हणून सांगणाऱ्या बाईला तिथल्या तिथे, "दोन ओळी लिहाल का?" एवढं म्हणा. मराठीत आलं तर उत्तर मराठीत द्या.

कराचं थोडक्यात. भेट म्हणून वाटलेल्या वस्तूवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, नोंदणी असली तरी. बिलं आणि कुणाला काय दिलं याची यादी ठेवा, खर्च म्हणून दाखवायला लागते. एकाच व्यक्तीला वर्षात २०,००० च्या वर भेटी गेल्या तर टीडीएसचा नियम २०२२ पासून आहे, पण तुमच्या भेटी एवढ्या मोठ्या नाहीत. बाकी सीएंना विचारा.

शेवटचं म्हणजे वेळ. घट बसले की आमच्याकडे दिवाळीची झुंबड लागते आणि घाईत चुका होतात. वर सांगितलेला चविडा अशाच एका रात्रीचा. पितृपक्षात मात्र बरेच लोक नवी ऑर्डर देत नाहीत, मशीनं निम्मी रिकामी असतात, भावही दोन रुपयांनी खाली येतो. तुमची हरकत नसेल तर तेव्हा काम द्या. त्याच्या आधी महिनाभर, ज्याच्याकडून घ्याल त्याच्याकडून एकच चमचा नमुना म्हणून मागवा, नाव कोरलेला. तो आठ दिवस तुमच्याच डब्यात ठेवा, तारेने घासा, तिखटात राहू द्या, अंधारात ओट्यावर नंबर वाचता येतो का ते बघा. आणि झाकण लावून बघा. लागलं तर मग बाकीचे दोनशे नव्व्याण्णव सांगा.